साथीच्या गणितात लोकल ट्रेन का मोजावी लागते?

अंधेरीचा एक जण रोज लोकलने चर्चगेटला जातो, मुलुंडचा दुसरा घरूनच काम करतो. विषाणू दोघांसाठी एकच, पण लागण होण्याची शक्यता सारखी नाही. साथ कशी पसरेल याचा अंदाज बांधताना हा फरक पकडणं सगळ्यात अवघड असतं.

गंमत म्हणजे या गणिताची सुरुवातही मुंबईशी जोडलेली आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली साथीचं एक मॉडेल मांडलं आणि ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिलं. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकांचे तीन गट. आजही 'एसआयआर' मॉडेल म्हणून हेच शिकवतात. आलेख छान जुळला. पण यात प्रत्येक जण इतर सगळ्यांना सारखाच भेटतो असं गृहीत धरलं होतं. आणि तो प्लेग तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता! म्हणजे आलेख जुळला म्हणून कारणही बरोबर, असं नाही.

कॉम्प्युटरमधली मुंबई

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा कुलाब्याच्या टीआयएफआरमधले संदीप जुनेजा, प्रल्हाद हर्ष आणि बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये अख्खं शहर उभं केलं. त्यातल्या प्रत्येक काल्पनिक माणसाला वय, घर, शाळा किंवा ऑफिस दिलं. २४ वॉर्ड, झोपडपट्टी आणि इतर वस्ती, लोकलचा प्रवास, सगळं वेगळं मोजलं. नियम किती जण पाळतील, हासुद्धा एक आकडाच. तो बदलायचा आणि रुग्णसंख्या कुठे जाते ते पाहायचं.

वस्ती वेगळी मोजणं किती गरजेचं होतं, ते जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात दिसलं. एम-पश्चिम (चेंबूर), एफ-उत्तर (माटुंगा) आणि आर-उत्तर (दहिसर) या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या, बाहेर फक्त १६ टक्के. याला 'बेशिस्त' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण आणि शौचालय सार्वजनिक असेल, तर अंतर ठेवायचं कुठे?

भीतीचं काय?

इथे मॉडेल अडखळतं. रुग्ण वाढले की लोक घाबरून घरी बसतात, त्यामुळे रुग्ण घटतात. ते घटले की भीती जाते, गर्दी परतते आणि रुग्ण पुन्हा वाढू शकतात. म्हणून 'उद्या किती रुग्ण' यापेक्षा 'अमुक सुरू केलं तर काय होईल' याचं उत्तर मॉडेल जास्त चांगलं देतं. लोकलचा प्रश्न असाच होता. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सर्वांसाठी खुली झाली, पण सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच. ज्याचं ऑफिस दहाला उघडतं, त्या बोरिवलीकराला त्याचा फारसा उपयोग नव्हता.