उपग्रह वर, कान जमिनीवर

उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोट्याचा धूर येतो आणि टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ येतात. टाळ्या संपल्या की टीव्हीवाले उठतात आणि आपणही उठतो. पण मंडळी, उपग्रहाचे खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्यातले अर्धेअधिक जमिनीवर चालते. वर कितीही हुशार यंत्र फिरत असो, खाली त्याचे ऐकून घेणारे कोणी नसेल तर ते बिचारे एकटेच बडबडत राहणार! मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, उपग्रहाची चित्रे फळ्यावर काढली, पण खाली बसलेल्या त्या ऐकणाऱ्यांबद्दल मुलांना कधी काही सांगितल्याचे आठवत नाही. पाठ्यक्रमात ते नव्हतेच.

तर आज त्यांच्याविषयी. उपग्रह सोडणाऱ्यांनाही खाली सोबती शोधावे लागतात, अगदी विनंती करून, ही गोष्ट मला फार आवडली.

सुरुवात मुंबईच्या कुलाब्यापासून करावी लागेल. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, कंपनी सरकारच्या काळातली. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय सुई अलिबागला हलवावी लागली, १९०४ मध्ये. विजेच्या प्रवाहाने सुई बिथरते! अलिबागला फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जण ती वेधशाळा पाहतात कोण जाणे.) १९६३ च्या जानेवारीत याच कुलाब्याला एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले. हिंदी महासागराचा अभ्यास करायला त्या वर्षांत अनेक देशांची जहाजे एकत्र आली होती. त्या मोहिमेचे हवामानाचे काम इथून चालायचे. हवाई बेटांतल्या विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज हे त्याचे शास्त्रीय प्रमुख होते.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला अमेरिकेने टायरॉस-८ नावाचा हवामान उपग्रह सोडला. त्याआधीचे टायरॉस ढगांची चित्रे काढत, पण ती उतरवून घेण्याची मोठी यंत्रणा अमेरिकेकडेच. आठव्यात एक नवी सोय होती. चित्र काढले की उपग्रह ते लगेच खाली सोडून द्यायचा. ज्याच्याकडे अँटेना, रेडिओ ग्राहक आणि कागदावर रेघ-रेघ चित्र उमटवणारे यंत्र असेल त्याने ते घ्यावे! परवानगी नको, पैसे नकोत. एक चित्र यायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागत. भारतातले असे पहिले केंद्र मुंबईलाच बसले. पुढे इतर शहरांतही बसली.

याचे मोल कळायला आधीची स्थिती आठवावी लागते. समुद्रात वादळ उठले आहे हे कळायचे ते जहाजाने बिनतारी संदेश पाठवला तर. आणि शहाणे जहाज वादळाच्या वाटेतून दूर पळते, त्यामुळे जिथली बातमी हवी तिथलीच मिळायची नाही. आता वादळाचा भोवरा डोळ्यांना दिसू लागला. अमेरिकेचा यात स्वार्थ नव्हता असे नाही. ते शीतयुद्धाचे दिवस होते, आणि फुकट दिलेल्या चित्राइतकी चांगली जाहिरात दुसरी कोणती? पण मला स्वतःला वाटते, स्वार्थातून का होईना, दार उघडे ठेवले हे महत्त्वाचे. बरोबर एक महिना आधी, २१ नोव्हेंबर १९६३ ला, केरळात थुंब्याहून आपला पहिला अग्निबाण उडाला होता. तोही अमेरिकन बनावटीचा, आणि त्यातली सोडियमची वाफ सोडणारी सामग्री फ्रान्सची. सारा उधार-उसनवारीचा संसार. आपले सगळे असेच सुरू झाले, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

थुंबाच का निवडले? कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्या गावाजवळून जाते. आणि इथे आपल्या गोष्टीत शिरतो तो वातावरणाचा वरचा, विजेने भारलेला थर, आयनांबर. ढगांच्या कितीतरी वर. उन्हाने तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. माझ्या वयाच्या वाचकांची या थराशी जुनी ओळख आहे बरं का! रेडिओ सिलोनवर बुधवारी बिनाका गीतमाला ऐकताना आवाज मध्येच खोल जायचा, पुन्हा वर यायचा, ते यानेच. लघुलहरी याच थरावर आपटून खाली येत, म्हणून तर कोलंबोचे गाणे आमच्या धानाच्या मुलखात ऐकू यायचे. थर हलला की अमीन सयानींचा आवाजही हलायचा. घरातले कोणीतरी उठून रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचे. रेडिओचा काही दोष नसायचा.

चुंबकीय विषुववृत्तावर हे इलेक्ट्रॉन दिवसा वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला घरंगळून थोडे दूर जमा होतात, कारंज्याचे पाणी बाजूला पडावे तसे. उत्तरेकडचा ढीग साधारण मध्य भारतावर पडतो. आमचे चंद्रपूर-गडचिरोली त्या ढिगाच्या उतारावर. उन्हाळ्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी तापमानाच्या यादीत झळकतात हे तुम्हाला ठाऊक आहे. डोक्यावर आणखी एक भट्टी आहे हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

आता दुसरी गोष्ट, मुंबईचीच. २००७ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामस्कर या दोन विद्यार्थ्यांनी ठरवले की आपण उपग्रह करायचा. नाव ठेवले 'प्रथम'. वजन दहा किलो, म्हणजे आमच्याकडच्या मोहफुलांच्या एका टोपलीइतके. त्याचे काम काय? हेच वरचे इलेक्ट्रॉन मोजणे.

मोजायची युक्ती छान आहे. उपग्रह दोन वेगवेगळ्या लहरींवर सतत खूण पाठवतो, १४५.९८ आणि ४३७.४५५ मेगाहर्ट्झ. या लहरी एका ठरावीक पातळीत थरथरत येतात, आणि आयनांबरातून येताना ती पातळी पिळली जाते. वाटेत इलेक्ट्रॉन जास्त तर पीळ जास्त. कमी वारंवारतेच्या लहरीला अधिक पीळ पडतो, जास्त वारंवारतेच्या लहरीला कमी. खाली एकमेकींना काटकोनात बसवलेल्या अँटेनांनी दोन्हींचा पीळ पाहायचा आणि फरकावरून इलेक्ट्रॉनची संख्या काढायची. गणित मला सगळे झेपले नाही, पण कल्पना तरी कळली.

यातली मेख अशी, की मोजमाप उपग्रहात होतच नाही! ते होते जमिनीवर. आणि एक केंद्र मोजणार ते फक्त आपल्यापासून उपग्रहापर्यंतच्या वाटेवरचे. उपग्रह डोक्यावरून जाणार जेमतेम दहा-बारा मिनिटे. म्हणजे देशाचा नकाशा हवा असेल तर देशभर ऐकणारे हवेत. या मुलांनी मग इतर महाविद्यालयांना हाक घातली, आमच्याबरोबर केंद्र उभारा म्हणून. कार्यशाळा घेतल्या, अँटेना कशी करायची ते शिकवले. त्याबद्दल घ्यायचे काही नव्हते. लहरी हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यातल्या, त्यामुळे खर्च आवाक्यातला. पॅरिसच्या भूभौतिक संस्थेलाही आपल्या आकाशाच्या मोजमापांत रस होता. त्सुनामीच्या लाटेची चाहूल आयनांबरात लागते का, असा त्यामागचा प्रश्न.

२००९ मध्ये इस्रोशी करार झाला. उड्डाण झाले २६ सप्टेंबर २०१६ ला. नऊ वर्षे! ज्यांनी सुरू केले ते केव्हाच पदवी घेऊन गेले होते. मागून आलेल्या मुलांनी ते पुढे चालवले, त्यांच्या मागच्यांनी आणखी पुढे. शिक्षकाला यातली सर्वांत कठीण गोष्ट कोणती वाटते सांगू? जाणाऱ्या मुलाने येणाऱ्या मुलासाठी नीट वही लिहून ठेवणे. शाळेच्या भित्तिपत्रकाचे काम मी दोन वर्षे सलग टिकवू शकले तरी धन्य मानायची. त्याच अग्निबाणावर मोठा पाहुणा होता समुद्रावरचे वारे मोजणारा स्कॅटसॅट, ३७१ किलोचा. त्याच साली जूनमध्ये पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांचा 'स्वयम्' गेला होता, तो तर किलोभराचाच.

"पण ताई, इलेक्ट्रॉन मोजून गडचिरोलीच्या माणसाला काय मिळणार?" हा प्रश्न येणारच. उत्तर मी वनहक्काच्या कागदांत शोधते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना जमिनीचा हक्क मिळण्याची वाट झाली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा हवा आणि मर्यादा चार हेक्टर. सामूहिक हक्कही त्यातच. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळवला. आता हक्क म्हटला की मोजणी आली. जंगलातल्या तुकड्याला ना बांध ना सर्व्हे नंबर. साखळीने मोजणारे माणूसबळ कुठून आणायचे? मग हातात मावणारे जीपीएस यंत्र आले. शेताच्या कडेने चालत जायचे, कोपऱ्यांवर बटण दाबायचे.

हे यंत्र उपग्रहाच्या लहरीला यायला किती वेळ लागला त्यावरून जागा सांगते. वाटेत आयनांबर लहरीला उशीर करते. एकाच वारंवारतेवर चालणारे साधे यंत्र ठोकताळ्याने ती चूक निम्म्याच्या आसपास काढून टाकते, बाकीची राहते. काही मीटर, वाईट दिवशी त्याहून जास्त. यात थोडे समजून घ्यावे लागते. आयनांबर हळू बदलते, म्हणून अर्ध्या तासात चारी कोपरे मोजले तर सगळे कोपरे जवळपास एकाच दिशेने सरकतात. क्षेत्रफळ फारसे बिघडत नाही, अख्खे शेत नकाशावर सरकते. सरकले की शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते, किंवा जुन्या उपग्रह चित्रावर ठेवले की अर्धे झाडांवर जाते. मग तिथे २००५ पूर्वी शेती होती की जंगल, यावर वाद! झाडीखाली लहरी अडतात ती चूक आणखी वेगळी. सगळे दोष इलेक्ट्रॉनच्या माथी मारणे बरोबर नाही. पण ज्याच्याकडे दुसरा कागदच नाही त्याला दहा मीटरही जड जातात.

विमानांसाठी ही चूक सुधारण्याची सोय झाली, 'गगन' नावाने. त्यासाठी जमिनीवर १५ संदर्भ केंद्रे, त्यातले एक नागपूरला. २०१३ च्या शेवटी विमान वाहतुकीसाठी त्याला पहिले प्रमाणपत्र मिळाले. विमानासाठी आधी आणि धानाच्या बांधीसाठी नंतर, हा क्रम मला खटकतो, पण विमान पडते, बांधी पडत नाही, हेही खरे. आता दोन वारंवारतांवर चालणारी यंत्रे, अगदी काही मोबाइलसुद्धा, वाटेतला उशीर स्वतःच मोजतात. युक्ती तीच, 'प्रथम'वाली. दोन लहरींतला फरक पाहायचा.

माझी तक्रार एकच. ऐकणारी केंद्रे उभी राहतात ती मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांत. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की गाव जगापासून तुटते, पण त्या आकाशाकडे कान लावून बसलेला कोणी असतो तो शेकडो किलोमीटर दूर. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. पुढच्या वेळी कोणी सोबती शोधत निघाले तर या दोन दारांवरही थाप पडावी. आणि नाही पडली तर इथल्या मुलांनी आपण होऊन पत्र लिहावे.

टायरॉस-८ पासून सुरू झालेली ती फुकट चित्रांची जुनी पद्धत शेवटी २०२५ मध्ये थांबली. त्या प्रकारे चित्रे सोडणारे अमेरिकेचे शेवटचे तीन उपग्रह, नोआ-१८, १५ आणि १९, त्या वर्षी बंद केले गेले. बासष्ट वर्षे चालली. रशियाचे मेटेओर उपग्रह मात्र जवळच्याच लहरींवर ढगांची चित्रे अजून पाठवतात. दोन ॲल्युमिनियमच्या काड्या, संगणकाला लावायची एक छोटी डबी आणि उघडे आकाश एवढे पुरते म्हणतात. आमची गच्ची मोकळीच आहे. भाचेमंडळींपैकी कोणाला उन्हाळ्याच्या सुटीत चंद्रपूरचे ४५ अंश सोसत असतील त्याने डबी घेऊन यावे, काड्या मी आणून ठेवते.