बोटाची किंमत : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील पाईप-उद्योग आणि कामगार नुकसानभरपाईचा इतिहास

सकाळच्या पाळीच्या वेळी आळंदीतील भाड्याच्या खोल्यांतून कामगारांचे जथे भोसरी, मरकळ व चाकणच्या दिशेने बाहेर पडतात. वारकऱ्यांच्या या नगरीचे हे दुसरे रूप अभ्यासकांकडून काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. यातील काही कामगार प्लॅस्टिकचे पाईप काढणाऱ्या, तर काही तांबे, पितळ व ॲल्युमिनियमच्या नळ्या ओढणाऱ्या शेडमध्ये काम करतात. यंत्रात बोट गेले तर त्याची भरपाई कोणी व किती द्यावयाची, या प्रश्नामागे सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे. कामगारांनी मागितला होता तो निर्वाह; कायद्याने दिली ती रक्कम. या अंतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानुसार मृताच्या वारसांना दिवाणी दावा लावता येई. पण मालकाचा दोष सिद्ध करणे त्यांच्याकडेच असे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी निवेदन दिले. साप्ताहिक सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात असेही म्हटले होते की, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी. माझ्या मते हीच मागणी सर्वांत दूरदर्शी होती.

१ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दोष सिद्ध करण्याची अट काढली, ही मोठीच मजल होती. मात्र मृत्यूसाठी तीस महिन्यांचे वेतन अथवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरली. अवयवांचा तक्ता आला. त्या तक्त्याच्या आजच्या परिचित रूपात अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के कमाईक्षमता गेली असे मानले जाते. रक्कम एकदाच मिळते आणि खाते बंद होते.

हा कायदा आला तेव्हा पिंपरी परिसरात कारखानदारी नव्हती. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व चित्र पालटले. शेतीच्या सिंचनातून पीव्हीसी पाईपची मागणी वाढली. फिनोलेक्स इंडस्ट्रीज १९८१ मधली. मोठ्या कारखान्यांभोवती छोटी शेड उभी राहिली. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिराला मालकच नव्हता, म्हणून भरपाईचा प्रश्नही नव्हता. शेडमधील कामगाराला मालक आहे, पण अनेकदा तो ठेकेदाराच्या आड असतो. कायद्याने मूळ मालकालाही जबाबदार धरले आहे, हे येथे नोंदविले पाहिजे.

१९४८ च्या राज्य विमा कायद्याने लोखंड्यांच्या मागणीशी जवळचे उत्तर दिले : कायमच्या अपंगत्वासाठी आजीवन मासिक लाभ. परंतु तो प्रारंभी यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व वीस वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. १९८९ च्या दुरुस्तीने ही संख्या दहावर आली. आठ माणसांचे शेड तेव्हाही बाहेर राहिले. तसेच २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांहून अधिक वेतन असलेलाही बाहेर राहिला. या दोन टोकांसाठी उरला तो विमा कंपनीचा ऐच्छिक विमा. १९२३ च्या कायद्याने तो सक्तीचा केला नव्हता. त्याचा हप्ता धंद्यातील धोका आणि मालकाने जाहीर केलेले एकूण वेतन यांवर ठरतो.

येथे वेतनपत्रक कळीचे ठरते. १९२३ च्या कायद्याखाली २०२० मध्ये ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरून तीस वर्षांच्या कामगाराची दोन बोटे गेल्यास भरपाई ३,७४,३६४ रुपये येते. पत्रकात ८,००० रुपये लिहिले असतील, तर तोच हिशेब १,९९,६६१ रुपयांवर येतो. कायद्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष वेतनच ग्राह्य. ते सिद्ध करावे लागते ते मात्र बँडेज बांधलेल्या हाताने.

बोट निदान दिसते. शिसे दिसत नाही. शिसेबाधा १९२३ च्या मूळ कायद्यातही व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात होती. पीव्हीसीच्या पावडरीत मिसळले जाणारे शिसेयुक्त स्थिरीकारक टप्प्याटप्प्याने हटविण्याचे नियम आले ते २०२१ मध्ये. मिक्सरमध्ये पोती रिकामी करणारा कामगार दरम्यान तीन-चार शेड बदलून गेलेला असतो. काम सोडल्यानंतर दोन वर्षांत लक्षणे दिसली, तर ती दिसली तो दिवस अपघाताचा दिवस मानण्याची तरतूद होती. पण कोणत्या शेडचा मालक आणि कोणाचा विमा, हे सांगणारा कागद त्याच्याकडे क्वचितच असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले आहेत. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही आता भरपाईच्या कक्षेत आला आहे. आळंदी–चाकण रस्त्यावरून रात्रपाळीला जाणाऱ्यासाठी ही तरतूद क्षुल्लक नाही. पोत्यातील पावडर श्वासात घेतलेल्या कामगाराच्या हाती मात्र वेतनाची चिठ्ठी अद्याप यायची आहे.