तबकडीचा धनी कोण?

नगर रस्त्यालगतचे खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आले, त्यानंतर लवकरच मी येथे बिऱ्हाड केले. मुळा-मुठेच्या अंगाला तेव्हा शेते होती. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत आणि रात्री दोन वाजताही त्यांतले दिवे विझत नाहीत. अशाच एका इमारतीत माझा भाचा नोकरीला आहे. वडिलांनी जमवलेल्या दीडएकशे तबकड्या माझ्याकडे ट्रंकेत पडून होत्या. भाच्याने एक दिवस त्या पाहिल्या नि म्हणाला, "मामा, ह्या अशाच झिजून जायच्या. आपण त्या संगणकावर उतरवू, आणि हवे त्याला चार पैशांत विकू." मला हौस होतीच. दोन पावसाळे खपून आम्ही साठ-सत्तर बाजू उतरवल्या, खरखर जमेल तेवढी काढली आणि इंटरनेटवरच्या एका अमेरिकन दुकानात मांडल्या.

सहाव्या महिन्यात तक्रार आली. वडिलांनी १९३४ साली घेतलेली बालगंधर्वांची तबकडी, ‘स्वयंवर’ नाटकातील पद. तक्रारदार कंपनीचे म्हणणे असे की गायक १९६७ साली निवर्तले, त्यात साठ वर्षे मिळवा, म्हणजे २०२७ च्या अखेरपर्यंत हक्क आमचा. दुकानदाराने गाणे त्याच दिवशी काढून टाकले आणि तुमचे काही म्हणणे असल्यास शपथेवर लिहून द्या, असे मला कळवले. उभ्या आयुष्यात मला कोणी चोर म्हटले नव्हते. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी कायद्याची पुस्तके आणून बसलो.

वाचकहो, ह्या प्रकरणाचे मूळ फार मागे आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. त्या काळच्या मुद्रिकांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव पुकारते. पुष्कळांना तो ठसका वाटतो. खरे कारण व्यवहारी होते: साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिराला लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे कळावे लागे. स्वतःचे नाव गायिकेने स्वतःच्या तोंडाने सांगितले, पण तेवढ्याने मालकी तिची झाली नाही. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याने, जो १९१४ साली आपल्याकडे लागू झाला, मुद्रिकेचा हक्क मूळ साचा ज्याच्या मालकीचा त्याला दिला, आणि साचा झाल्यापासून पन्नास वर्षांपुरताच. साचा अर्थातच कंपनीचा. साडेतीन मिनिटांत राग मांडणाऱ्याचे नाव त्या कलमात शोधूनही सापडत नाही. गायकाचा म्हणून वेगळा हक्क आपल्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने! तेव्हा गायकाच्या मृत्यूपासून वर्षे मोजणे ही तक्रारदाराची पहिली चूक.

दुसरी गोष्ट मोठी मौजेची आहे. एका तबकडीत हक्क एक नसतो, तीन असतात: शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. पहिल्या दोहोंची मुदत कर्त्याच्या मृत्यूवर, तिसऱ्याची तबकडीच्या वयावर. ‘स्वयंवर’ १९१६ सालचे. पदे काकासाहेब खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००८ च्या अखेरीस मोकळे झाले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते तर १९२२ सालीच गेले. राहिले मुद्रण. तबकडी फार तर १९३४ ची, म्हणजे तिची पन्नास वर्षे १९८४ मध्येच भरली. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत सरत आली तेव्हा सरकारने पन्नासाची साठ वर्षे केली, पण ती १९९१ च्या अखेरीस. सुटलेला हक्क त्या दुरुस्तीने पुन्हा बांधला गेला नाही. वडिलांची तबकडी तिन्ही अंगांनी मोकळी होती. मी टेबलावर मूठ आपटली आणि शपथेचा कागद लिहायला घेतला.

सही करण्यापूर्वी भाच्याने मला थांबवले. दुकान अमेरिकेतले, तेथला कायदा पाहिला का? पाहिला, आणि मूठ सैल झाली. तेथे २०१८ साली नवा कायदा झाला असून १९२३ ते १९४६ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांना त्याने शंभर वर्षे दिली आहेत. म्हणजे पुण्यात १९८४ साली सुटलेले हे गाणे कॅलिफोर्नियात २०३४ अखेर बांधलेलेच असू शकते! तक्रारदाराचे गणित चुकले होते, त्याची मालकीही सिद्ध नव्हती. पण माझी शपथ खोटी ठरली असती. कागद फाडला.

मग ते पद आम्ही आपल्या देशातल्या एका दुकानात ठेवले. तक्रार तेथेही पोचली. आपल्याकडची रीत २०१३ च्या नियमांत आहे: लेखी तक्रार आल्यावर छत्तीस तासांत वस्तू झाकायची, आणि तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर ती पुन्हा उघडता येते. मी दुकानदाराला चार तारखांचे पत्र लिहिले: १९२२, १९३४, १९४८, १९८४. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कायद्याच्या साठाव्या कलमाखाली दावा लावता येतो, हेही शेवटी नम्रपणे नमूद केले. (नम्रपणा भाच्याचा, माझा मसुदा जरा तिखट होता.) हुकूम आला नाही. बाविसाव्या दिवशी पद पुन्हा उघडले.

इथे मी खुशीत यायला हवे होते. पण हक्कांचे हे तीन धागे एकदा हाती आल्यावर मी उरलेल्या सगळ्या तबकड्या त्याच मापाने तपासल्या, आणि पन्नाशीच्या दशकातल्या एका भावगीतापाशी अडलो. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल सुधीर फडक्यांची. मुद्रणाची साठ वर्षे केव्हाच संपलेली. पण माडगूळकर गेले १९७७ साली, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. बाबूजी गेले २००२ साली, म्हणजे चाल २०६२ पर्यंत. ते गाणे आम्ही सहा महिने विकत होतो. त्याबद्दल कोणी एका अक्षराने तक्रार केली नव्हती. यंत्र आवाजाला आवाज जुळवून पाहते. कवी कधी गेला हे ते विचारीत नाही.

गीतकार-संगीतकारांनी ह्या देशात काय सोसले ते मला ठाऊक नव्हते असे नाही. १९७७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने कौल दिला होता, आणि मोबदल्यातला त्यांचा वाटा कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले. हे सारे मी मित्रांना तावातावाने सांगत असे, आणि माझ्याच दुकानात हे चालले होते.

ते भावगीत त्याच संध्याकाळी काढले. किती प्रती गेल्या ते भाच्याने मोजून दिले: एकतीस. ती रक्कम वेगळ्या पाकिटात घालून ठेवली आहे, आणि रीतसर परवानगी कोणाकडे मागायची ह्याची चौकशी चालू आहे. तबकडी मात्र ट्रंकेत परत गेलेली नाही. रविवारी सकाळी, समोरच्या इमारतींतली वर्दळ थांबलेली असते तेव्हा, मी ती घरातच लावतो. तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नाही.