सुटकेनंतरचा जीवघेणा पंधरवडा

अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्या कैद्याच्या जिवाला सर्वाधिक धोका संभवतो तो तुरुंगाचा दरवाजा मागे पडल्यानंतर. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू ओढवण्याचा धोका सर्वसामान्य रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट असल्याचे त्यात आढळून आले.

याचे मूळ शरीराच्या सवयीत आहे. हेरॉइन वा फेन्टानिल नियमित घेणाऱ्याचे शरीर हळूहळू मोठी मात्रा सोसू लागते. तुरुंगात पदार्थ बंद झाला की ही सहनशक्ती ओसरते. ओढ मात्र कायम राहते. बाहेर आलेला माणूस जुन्याच अंदाजाने मात्रा घेतो आणि मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावून श्वास थांबतो. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्यास धोका आणखी वाढतो. 'आत राहून व्यसन सुटले' हा घरच्यांचा समज म्हणूनच घातक ठरतो.

त्यामुळे उपचार तुरुंगातच सुरू व्हावेत आणि सुटकेनंतर त्यांत एका दिवसाचाही खंड पडू नये, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ मध्ये कैद्यांना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन व नॅल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे उपलब्ध करून दिली. नुकत्याच तुरुंगवास भोगलेल्यांपैकी २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ जण अतिसेवनाने दगावले होते. २०१७ च्या त्याच काळात हा आकडा ९ वर आला. संख्या लहान असली तरी घट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरा उपाय नॅलॉक्सोन या उताऱ्याचा. स्कॉटलंडने २०११ पासून सुटणाऱ्या कैद्यांना हे औषध सोबत देण्यास प्रारंभ केला. अफूजन्य पदार्थांमुळे झालेल्या एकूण मृत्यूंत सुटकेपासून चार आठवड्यांच्या आत घडलेल्यांचे प्रमाण २००६ ते २०१० मध्ये ९.८ टक्के होते. २०११ ते २०१३ मध्ये ते ६.३ टक्क्यांवर उतरले. अर्थात बेशुद्ध माणूस स्वतःला औषध देऊ शकत नाही. त्याचा वापर घरच्यांना आणि मित्रांनाच यायला हवा. मंदावलेला श्वास, निळसर ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या ही लक्षणे दिसताच ते द्यावे. नॅलॉक्सोनचा प्रभाव अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि पदार्थाचा अंमल त्याहून अधिक काळ टिकू शकतो. तेव्हा रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात हलवावेच लागते.