'सुरत' नावाची शिवी

सुरत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शिवाजी महाराजांची स्वारी, साड्या, हिरे, फार तर सुरतचं जेवण. पण १८६३ साली इंग्लंडच्या लँकशायर भागात 'सुरत' म्हणजे हलका, भेसळीचा माल. कुठलाही! एका जाहिरातीत एका बिअर कंपनीला 'सुरतवाले' म्हटलं गेलं, तर कंपनीनं चक्क अब्रुनुकसानीचा दावा लावला. ८ मे १८६३ च्या 'टाइम्स'मध्ये त्या खटल्याची बातमी आहे.

आपल्या शेजारच्या शहराचं नाव तिकडे शिवी कसं झालं? ही गोष्ट कापसाची आहे, आणि वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या कवितांचीही.

आधी कापूस. लँकशायरच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून यायचा. तो वेचायचे गुलाम. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस येईना. गिरण्या आधी अर्धवेळ चालल्या, मग बंद पडल्या. १८६२ संपता संपता जवळपास ५ लाख माणसं मदतीवर जगत होती.

मग पर्याय म्हणून आला हिंदुस्थानचा कापूस. गुजरातचा, आपल्या खानदेशाचा, वऱ्हाडाचा. मुंबईहून जहाजात चढणाऱ्या या मालाला तिकडच्या बाजारात सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, कचरा भरपूर. अमेरिकन कापसाला सरावलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटायचा. विणकराला पैसे मिळायचे विणलेल्या कापडावर. म्हणजे धागा तुटला की मजुरी तुटली. त्यामुळे काम मिळालं तरी पोट भरेना, आणि राग निघाला 'सुरत'वर.

आता वर्तमानपत्रं. १८३६ पर्यंत इंग्लंडात पेपरच्या प्रत्येक प्रतीवर ४ पेनी सरकारी कर होता. गरिबानं पेपर घेऊच नये, अशीच सोय! तो पुढे १ पेनीवर आला, १८५५ ला रद्द झाला आणि १८६१ मध्ये कागदावरचा करही गेला. गावोगावी एक पेनीचे पेपर निघाले. तेव्हाचे पेपर कविता हमखास छापायचे, आजच्या राशिभविष्याइतक्या सहज. म्हणजे उपासमार आली, नेमकी तेव्हाच ती सांगायची जागाही स्वस्त झाली होती.

इथे भेटतो सॅम्युअल लेकॉक. जन्म १८२६, बाप हातमागावरचा विणकर. हा नवव्या वर्षी गिरणीत लागला. शाळा म्हणाल तर रविवारची शाळा आणि काही महिने रोजची. मँचेस्टरजवळच्या स्टेलिब्रिज गावात तो कापडगिरणीत होता. १८६२ मध्ये इतरांसारखीच त्याचीही नोकरी गेली. मग त्यानं कविता लिहिल्या, आणि त्या पुस्तकी इंग्रजीत नाही, तर गल्लीत जशी बोलतात तशा बोलीत.

मला इथेच खरी गंमत वाटते. बातम्यांमध्ये कामगार म्हणजे आकडा: इतके बेकार, इतका निधी. कवितेत तोच माणूस स्वतः बोलतो. एकीत सुरत कापसाला वैतागलेला विणकर आहे. एक गाणं मदतीच्या बदल्यात शिवणवर्गात बसणाऱ्या मुलींचं आहे. एकीत बाप नुकत्या जन्मलेल्या बाळाला सांगतो की बाळा, तू भलत्या वेळी आलास, पण ये, आलास तर बरंच झालं. ही गाणी स्थानिक पेपरांत आली, सुट्या कागदांवर छापली गेली आणि पोरापोरींनी पाठ करून रस्त्यावर म्हटली. बोलीत होती म्हणूनच ती कागदावरून इतक्या सहज पुन्हा तोंडात गेली.

मार्च १८६३ मध्ये याच स्टेलिब्रिजमध्ये मदत समितीनं रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या द्यायचं ठरवलं. दंगल झाली, सैन्य आलं. बातमीत फुटलेल्या काचा दिसतात. पण चिठ्ठी घेऊन दुकानात उभं राहताना मान का खाली जाते, ते कळायला त्या काळच्या कविताच वाचाव्या लागतात. दुसऱ्याच्या मदतीवर जगण्याची लाज त्यांत पुन्हा पुन्हा येते.

पण थांबा, या गोष्टीला दुसरं टोकही आहे. विणकराची तक्रार खोटी नव्हती. कापसातली भेसळ रोखायला १८६३ मध्येच मुंबईत कायदा करावा लागला. पण भेसळ वाटेत कुणीही करो, नाव बदनाम झालं ते माल जिथून आला त्या मुलखाचं. इकडे कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा वाहिला, बॅक बे कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भले भले सावकार बुडाले. ज्याच्या शेतातून ती बोंडं निघाली, त्या खानदेशातल्या किंवा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा आवाज मात्र त्या पेनीच्या पेपरात नाही. तो बोलत नव्हता असं थोडंच आहे? त्याच्या बोलीला छापखान्याची वाट नव्हती, एवढंच.

म्हणून मला वाटतं, शब्दाची ताकद मोजताना दोन्ही पारडी बघावीत. ज्या बोलीनं लेकॉकच्या माणसांना आकड्यातून बाहेर काढून तोंड दिलं, त्याच बोलीनं समुद्रापलीकडच्या, कधीही न भेटलेल्या माणसांच्या मालाला शिवी केलं. दोन्ही बाजूंना होती कष्टाचीच माणसं. त्यांच्या मधला दलाल, दर आणि युद्ध यांच्या नावानं काही शिवी रुजली नाही.

एक्सेटर विद्यापीठानं या काळातल्या शेकडो कविता गोळा करून ऑनलाइन ठेवल्या आहेत. फोनवर उघडा, बोली अवघड वाटेल. मग मोठ्यानं वाचा. वऱ्हाडी नुसती डोळ्यांनी वाचून कळते का? तसंच आहे हे.