वाकोला : एक न गाजलेली वस्ती

शहराच्या इतिहासांत कांहीं वस्त्या गाजतात, तर कांहीं नुसत्या नांदतात. सांताक्रूझच्या पूर्वेस वसलेला वाकोला हा दुसऱ्या जातीचा होय.

जमिनीचा भाव केवळ मातीवर ठरत नाहीं. सार्वजनिक पैसा कोठें व केव्हां ओतला जातो, यावर तो पुष्कळसा अवलंबून असतो. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर-माटुंग्यास रुंद रस्ते व आंखीव भूखंड दिले, आणि तीं नांवें मध्यमवर्गाच्या आकांक्षेचीं होऊन बसलीं. साष्टींत वांद्रें व खार यांची कीर्ति समुद्राच्या हवेनें वाढली. रेल्वेच्या पूर्वेकडील वाकोल्यास यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं. महसुली दप्तरांत कोलेकल्याण गांवांत मोडणारा हा भाग म्हणजे भातशेती, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचीं जुनीं घरें आणि मिठी नदीस मिळणारा एक ओहोळ. १९५० सालीं तो मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला. परंतु हद्द वाढली म्हणून प्रतिष्ठा वाढत नसते.

ही उपेक्षाच अनेकांस उपकारक ठरली. पश्चिमेकडील भाडें ज्यांना झेपत नव्हतें, त्यांनीं येथील चाळींत व झोपड्यांत बिऱ्हाडें थाटलीं.

पुढें १९७७ सालीं दक्षिणेकडील मिठीकांठच्या खाजणांत वांद्रें-कुर्लें संकुल वसविण्याचें काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलें. सुमारें ३७० हेक्टरांचा हा पसारा. दलदलीच्या जागीं बँका व कचेऱ्या उभ्या राहिल्या. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी फुगली आणि तिला मिळणाऱ्या ओहोळाचें पाणी घरांत शिरलें. नदीकांठच्या भरावाचा भार शेजारच्या सखल वस्तीवर कसा पडतो, याची चर्चा त्यानंतरच जोरानें सुरू झाली.

आतां दलालांच्या तोंडीं वाकोल्याची ओळख ‘संकुलालगतची जागा’ अशी झाली आहे. माती तीच, ओहोळहि तोच. बदलला तो शेजार. परंतु ही वाढलेली किंमत कोणा एका मालकाच्या उद्योगाचें फळ नव्हे. रस्ते, पूल व भराव सर्वांच्या पैशानें झाले. उपेक्षेच्या काळांत ज्यांनीं हा भाग राहता ठेवला, पुराचें पाणी ज्यांनीं घरांतून उपसलें, त्यांनाच भरभराटीच्या दिवशीं भाड्यापायीं बिऱ्हाड उचलावें लागलें, तर त्या सार्वजनिक खर्चाचा हिशेब अपुराच राहील.