सागाचं लाकूड घ्यायचंय? आगार, धुरा, आरा मशीन आणि जुनं घर

चंद्रपूर : धान निघाला की गावोगावी घराची कामं निघतात. चौकटी, दारं, दिवाण, देव्हारा. सुतार मापं लिहून देतो आणि म्हणतो, लाकूड तुम्ही आणा. अशा वेळी कोणीतरी रात्रीचा पत्ता सांगतोच. भाव निम्मा, माल घरपोच, पावती मात्र नाही. असं लाकूड रस्त्यात पकडलं तर लाकूड जातं, ट्रॅक्टर किंवा पिकअप जप्त होतो, भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा लागतो आणि गाडी सरकारजमासुद्धा होऊ शकते. चौकट बसवून झाली म्हणजे सुटलो असंही नाही. लाकूड कुठून आणलं हे दाखवायची जबाबदारी ज्याच्या घरी सापडलं त्याच्यावरच येते.

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी साग गेला तो बल्लारपूरहून. त्याच जिल्ह्यातल्या माणसाला स्वतःच्या दारासाठी चोरीचं लाकूड घ्यावं लागू नये. सरळ रस्ते आहेत, फक्त थोडा वेळ हाताशी ठेवावा लागतो.

सगळ्यात खात्रीचा माल सरकारी आगारात. बल्लारपूरला वनविकास महामंडळाचं आगार आहे. हे महामंडळ 1974 पासूनचं, मुख्यालय नागपूरला. पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीचा साग, अमरावतीकडच्या लोकांना परतवाडा. आगारात लाकूड प्रतीप्रमाणे आणि गोलाईप्रमाणे थप्प्या लावून ठेवलेलं असतं आणि लिलाव बहुतेक ऑनलाइन होतो. आधी नोंदणी करायची, बयाणा भरायचा, मग बोली. बोलीवर जीएसटी आणि इतर कर वेगळे पडतात, ते धरूनच आकडा टाकावा. अडचण अशी की लॉट मोठा असतो. एका घराला एवढं लाकूड लागत नाही. म्हणून गावातले चार-पाच जण किंवा दोन-तीन सुतार मिळून एकाच्या नावावर लॉट घेतात आणि वाटून घेतात. किरकोळ विक्री चालू आहे का, हेही आगारात विचारून घ्यावं. बोली लावण्याआधी थप्पी डोळ्यानं पाहिल्याशिवाय राहू नये. टोकाकडून गाभा पोकळ आहे का, चिरा किती आत गेल्या, लाकूड पिळलेलं आहे का, हे फोटोत कळत नाही.

दुसरा साठा आपल्याच धुऱ्यावर उभा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लावलेले साग आता तोडणीला आलेत, पण झाड आपलं म्हणून कुऱ्हाड लावता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम 1964 च्या यादीत सागासोबत बिजा, हळदू, तिवस, ऐन, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, हिरडा अशी झाडं आहेत. ती मालकीच्या वावरात असली तरी परवानगी लागते. अर्जाला सातबारा आणि नकाशा जोडावा. झाड नेमकं आपल्याच हद्दीत आहे का, हे पाहिलं जातं, म्हणून धुऱ्याचा वाद असेल तर आधी तो मिटवावा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, किंवा सातबाऱ्यावर झाडं सरकारी म्हणून नोंदलेली असतील, तर काम लांबतं. परवानगी मिळाल्यावर तोड, मग लाकडावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतूक परवाना. लोक त्याला टीपी म्हणतात. टीपीवर गाडीचा नंबर, नगांची संख्या, माप, रस्ता आणि मुदत असते. मुदत संपल्यावर निघालेली गाडी आणि टीपी नसलेली गाडी, नाक्यावर दोन्ही सारख्याच.

आदिवासी खातेदाराच्या झाडांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. अशी झाडं व्यापाऱ्यानं परस्पर ठरवून घ्यायची नाहीत, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चालतो. हा कायदा विकणाऱ्याच्या फायद्याचा आहे, पण गावात तो फार कमी जणांना माहीत असतो. व्यापारी येतो, झाडाकडे पाहतो, उक्ता आकडा सांगतो आणि कागदाचं मी बघतो म्हणतो. शेतकरी फसतो तो इथेच. बिगर-आदिवासी शेतकऱ्याचंही तेच होतं.

उक्तं देण्याआधी माप घ्यावं. गोल लाकडाचा हिशेब सोपा आहे. मधोमध दोरी गुंडाळून गोलाई इंचात घ्यायची, तिला चारनं भागायचं, आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं, मग लांबीच्या फुटांनी गुणून 144 नं भागायचं. 40 इंच गोलाई आणि 10 फूट लांबी असेल तर 10 गुणिले 10 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 6.94 घनफूट. या पद्धतीत खऱ्या आकारमानाच्या साधारण 78 टक्केच धरलं जातं, बाकी फळकुटं आणि भुशाची सूट समजा. त्यावर व्यापारी पुन्हा "साल वजा, गाठ वजा" करू लागला तर त्याला हे सांगता यावं. आगारात भाव घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे 35.31 घनफूट.

गोल लाकूड चिरल्यावर हाती निम्म्याच्या आसपास कामाचं लाकूड येतं. नवख्याला आरा मशीनवर धक्का बसतो तो यामुळे. सागाचा बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही, त्याला भुंगा आणि उधई लवकर लागते. तरुण झाडात पांढरं जास्त, गाभा कमी. त्यामुळे धुऱ्यावरच्या पातळ सागाचे वासे, खुंट बरे होतात. चौकटीला जाडं झाडच पाहिजे.

ज्याला चिरलेलंच लाकूड हवं त्यानं परवान्याच्या आरा मशीनवर जावं. तिथं मालाची नोंदवही असते. पक्कं बिल मागावं आणि त्या मालाच्या टीपीचा नंबर बिलावर लिहून घ्यावा. चिरलेल्या लाकडाचं माप असं: रुंदी इंच गुणिले जाडी इंच गुणिले लांबी फूट, भागिले 144. 5 बाय 3 इंची चौकटीला दोन उभे सात-सात फुटी आणि एक आडवा चार फुटी लागला तर एकूण 18 फूट, म्हणजे 1.87 घनफूट. साडेचार इंचाची पट्टी पाच इंच धरून बिल केलं जातं, तिथं टेप स्वतः लावावा.

बाजारात "सीपी साग" हा शब्द फार चालतो. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, म्हणजे आपल्याच भागातला साग. त्याच नावाखाली घाना, बेनिन, इक्वेडोर, ब्राझीलचा सागही खपतो. बाहेरचा साग वाईटच असतो असं नाही, पण तो सीपीच्या भावानं का घ्यायचा? सागाच्या ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो, हाताला लाकूड किंचित तेलकट लागतं. टोकाच्या वलयांवर नजर टाकावी. रुंद वलयं म्हणजे झाड लवकर वाढलेलं.

जुन्या घरांकडे लोकांचं लक्ष कमी जातं. घरकुल मंजूर झालं की कवेलूचं घर पाडतात आणि मयाली, खांब, फाटे अंगणात पडून राहतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग किंवा बिजा नव्यात मिळत नाही. खिळे नीट काढावेत, नाहीतर आऱ्याचं पातं जातं आणि मशीनवाला भरपाई मागतो. उधईनं आतून पोखरलं आहे का, ते ठोकून ऐकावं. जुनं लाकूडही रस्त्यात थांबवलं जातं, म्हणून घरमालकाचं लेखी घ्यावं आणि हलवण्याआधी वनरक्षकाला विचारावं.

सागावरच अडून बसायचं कारण नाही. बिजा मजबूत, चौकटीला चांगला. फक्त ओला झाला की पिवळसर रंग सोडतो, चुन्याची भिंत डागाळते. हळदू बारीक कामाला. धावडा लवचिक आणि चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. बंडीला आणि वखराला बाभूळ, लाकडी ठोकळ्याला चिंच. आंब्याची दारं स्वस्त पडतात, पण किडीला लवकर बळी जातात. काही जातींना टीपीतून सूट आहे. ती यादी जिल्ह्याप्रमाणे बदलते, वनपरिक्षेत्र कार्यालयात पाहून घ्यावी.

लाकूड आणल्या आणल्या सुताराला बसवू नये. विटांवर, सावलीत, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावावी, टोकांना रंग किंवा गेरू फासावा, म्हणजे टोकाकडून फाटत नाही. जुने सुतार इंचाला एक वर्ष म्हणतात. एवढं थांबणं जमत नसेल तर निदान एक उन्हाळा जाऊ द्यावा. पावसाळ्यात ओल्या फळीचं केलेलं दार मार्चमध्ये आकसतं, फळ्यांत बोटभर फट पडते आणि दोष सुताराला लागतो.